चव : स्वीकार्य

"ताई, कुठल्या गावचं पाणी सगळ्यात चांगलं?"

लग्नात, बारशात, अगदी मयताला गेले तरी हा प्रश्न मला विचारला जातो. मी पाणी तपासते हे एकदा कळलं की माणसं हातातला पेलाच पुढे करतात. माझं उत्तर ठरलेलं आहे : ज्या गावचं पाणी तुम्ही लहानपणी प्यायलात, त्या गावचं. लोक हसतात. मी विनोद केलेला नसतो.

संपादकांनी सांगितलं, कामातल्या गमती लिहा. गमती येतील. पण मला मुळात एका मुलीबद्दल लिहायचं आहे. तिच्या सासूने तिला गरोदरपणाच्या आठव्या महिन्यात मीठचोर ठरवलं, आणि त्यात माझाही हात होता.

आधी काम सांगते. सव्वीस वर्षं मी सुरतमधल्या एका खाजगी प्रयोगशाळेत आहे. जिल्ह्यातल्या शहरांत आणि मोठ्या गावांत दर तीन महिन्यांनी फिरायचं, लोकांच्या नळाचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं, तपासायचं आणि सगळ्या गावांचे आकडे एका तक्त्यात शेजारी शेजारी मांडायचे. सुरतचे वेगवेगळे भाग, कामरेज, बारडोली, मांडवी, ओलपाड आणि मधली छोटी गावं. गाडी लॅबची, ड्रायव्हर जगदीशभाई, मागच्या सीटवर बर्फाची पेटी.

बाटली भरायला काय अक्कल लागते, असं लोकांना वाटतं. लागते. जंतूंच्या तपासणीची बाटली निर्जंतुक केलेली असते आणि तिच्यात चिमूटभर पावडर असते. ही पावडर पाण्यातलं क्लोरीन मारते. नाहीतर क्लोरीन वाटेतही जंतू मारत राहतं आणि लॅबमध्ये पोचेपर्यंत घाण पाणी सोवळं होऊन जातं. नळाचं तोंड स्पिरिटच्या पेटत्या बोळ्याने शेकायचं. नळ प्लॅस्टिकचा असेल तर शेकायचं नाही, हे मी पहिल्याच महिन्यात बमरोलीतल्या एका बाईंचा नळ वितळवून शिकले. "पाणी तपासायला आलात का घर जाळायला?" असं त्या म्हणाल्या. संध्याकाळी मी नवा नळ नेऊन दिला, तर म्हणाल्या, "आता पितळी आणलाय, तर सगळ्या खोल्यांचे वितळवून जा."

अहवालात बऱ्याच ओळी असतात. क्षार, गढूळपणा, क्लोराइड, नायट्रेट. जवळजवळ प्रत्येक ओळीला यंत्र किंवा रसायन आहे. एका ओळीला नाही, ती म्हणजे चव. तिथे माणसाने पाणी तोंडात घ्यायचं असतं. नियम असा की जंतूंची तपासणी नीट आल्यावर, पाणी किंचित कोमट करून, तोंडात घोळवायचं आणि मग एकच शब्द लिहायचा : स्वीकार्य किंवा अस्वीकार्य. मी नियम मोडायचे. नळीतल्या पाण्यात गोळी टाकायची, ते गुलाबी झालं की क्लोरीन आहे असं समजायचं, आणि तिथेच नळाला ओंजळ लावायची.

मला जीभ होती. बढाई नाही. एखाद्याला उंची असते, एखाद्याला आवाज असतो, तशी ती होती. मांडवीचं पाणी हलकं, घशाला न विचारता उतरणारं. बारडोलीचं जरा भरीव. कामरेज आणि सुरत एकाच तापीवर, पण सुरतच्या पाण्याला लांबच्या पाइपातून आल्याची एक कड असायची, स्टीलच्या चमच्याला असते तशी. ओलपाडकडे समुद्र जवळ, जमिनीतलं पाणी खारं, म्हणून बाहेरून आलेलं नळाचं पाणी तिथल्या बायका इतक्या जपून वाढायच्या की ते आहे त्याहून चांगलं लागायचं.

जगदीशभाईंचा यावर विश्वास नव्हता. एकदा कामरेजच्या चहाच्या टपरीवर त्यांनी पाच ग्लास मांडले.

"बेन, आ क्यांनुं?"

मी चार ओळखले. पाचवा तोंडात घेतला आणि खाली ठेवला. "हे कुठलंच नाही."

ते विकतच्या बाटलीचं होतं. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक टपरीवर हा किस्सा मला ऐकावा लागला, आणि प्रत्येक वेळी ग्लासांची संख्या वाढत गेली.

जीभ मला आईकडून आली. आमचं घर सुरतेतच, लिंबायतला. वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, आई घरी साड्यांना टिकल्या लावायची. दोघंही खानदेशातल्या तापीकाठच्या एकाच पंचक्रोशीतले. सुरतचं पाणीही तापीचंच. नळाखाली हंडा लावताना आई म्हणायची, "आपलाच गावनं पानी शे. येवाले येळ लागना, इतलंच." आपल्याच गावचं पाणी, यायला वेळ लागला एवढंच. मी बी.एस्सी. झाल्यावर तिला मोठ्या तोऱ्यात धरण, गाळण्या, क्लोरीन असं सगळं समजावलं. मधे इतकं काय काय होतं, ते पाणी आता गावचं कसं राहील? ती म्हणाली, "मंग? आपन बी इतलं सगळं पार करीसनच उनूत ना?" आपणही एवढं सगळं पार करूनच आलो ना, असं. पुढे मी नोकरीला लागल्यावर फेरीहून परतताना प्रत्येक गावची एक छोटी बाटली तिच्यासाठी आणायचे. ती प्यायची आणि नाक मुरडायची. मांडवीचं तेवढं पास व्हायचं.

आता लोकांचा जिभेपेक्षा क्षार मोजणाऱ्या मीटरवर भरवसा आहे. अडाजणच्या एका सोसायटीतल्या काकांनी एकदा घाबरून बोलावलं. फिल्टर विकणारा येऊन गेला होता. त्याने नळाच्या पाण्यात विजेच्या कांड्या बुडवल्या आणि पाणी तपकिरी झालं. स्वतःच्या मशीनचं पाणी मात्र स्वच्छच राहिलं. "आ झेर पीए छीए अमे?" काका विचारत होते, आम्ही हे विष पितोय का? मी तो पोरगा परत बोलावून घेतला आणि त्याच्या स्वच्छ पाण्यात काकूंच्या डब्यातलं चिमूटभर मीठ टाकलं. कांड्या बुडवल्यावर तेही तपकिरी झालं. रंग कांडीच्या लोखंडाचा असतो. पाण्यात क्षार नसतील तर वीज वाहत नाही, म्हणून कांडी झिजत नाही. काकांनी मशीन तरीही घेतलं. हप्त्याची सोय चांगली होती म्हणे.

महामारीच्या दुसऱ्या लाटेत मी चौदा दिवस तापाने पडले होते. उठले तेव्हा चव नव्हती, वास नव्हता. तेव्हा पुष्कळांची जात होती आणि बहुतेकांची परत येत होती. माझी अर्धी आली. तिखट झोंबतं, लिंबाने दात आंबतात, मीठ फार झालं तर टोचतं. पाणी परत आलं नाही. तोंडात काहीतरी ओलं आणि गार आहे, एवढंच कळतं.

रडायला मला वेळ नव्हता. पण ज्यांना हे झालेलं नाही त्यांच्यासाठी सांगते : तहान भागत नाही. पोट भरतं, तांब्या संपतो, आणि तहान तिथेच असते. अजून पहिला घोट मी डोळे मिटून घेते. मांडवीला गेले की दोन ओंजळी जास्त पिते. वाटतं, ते हलकं होतं, कदाचित तेच आधी परत येईल. आई गेली त्याला आता बरीच वर्षं झाली. तिचा आवाज, तिचा चेहरा आठवायला मला कष्ट पडत नाहीत. लिंबायतच्या त्या हंड्यातलं पाणी कसं लागायचं, ते मात्र आठवत नाही. चवीची आठवण जिभेतच असते, डोक्यात नसते, हे मला तेव्हा कळलं.

लॅबमध्ये मी सांगितलं नाही. नोकरी जाईल म्हणून नव्हे. 'ज्योतीबेनची जीभ' गेली हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. मी ओंजळ लावत राहिले आणि 'स्वीकार्य' लिहीत राहिले. यंत्रं होतीच की.

गेल्या वर्षीची गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. समुद्राच्या बाजूचं एक छोटं शहर आहे. लूमचे कारखाने तिकडे सरकले तशी आपली खानदेशी माणसंही तिकडे गेली. पाणी सोडणारे ऑपरेटर मनुभाई, साधा माणूस. त्यांच्याकडे तक्रारींची वही असते. नमुने घेण्याआधी ती वाचायची माझी पद्धत आहे. एका गल्लीतून तीनदा एकच तक्रार होती : 'पाणी मीठुं लागे छे.'

गुजरातीत मीठुं म्हणजे गोड. पिण्याजोग्या पाण्याला ते मीठुं पाणीच म्हणतात. पाणी गोड लागतंय, ही तक्रार?

"जुओ बेन," जगदीशभाई म्हणाले, "लोकोने सुख पण पचतुं नथी."

मनुभाईही हसले. "एक मराठी बाई छे. तीन वार आवी. में कह्युं, मीठुं छे तो पियो ने!"

साडेदहा वाजले होते. त्या गल्लीत नळाला सकाळी सहा ते अकरा पाणी असतं. मी नमुना घेतला. मीटरवर क्षार शेजारच्या गावांपेक्षा जरा जास्त होते, पण मर्यादेत होते. ओंजळ लावली, प्यायले. दोन-तीन बायका बघत उभ्या होत्या. "छान आहे," असं मी त्यांना म्हटलं. तक्त्यात ते गाव मधोमध बसलं, ना वर ना खाली. चव : स्वीकार्य.

जीभ असती तर मला पहिल्याच घोटाला कळलं असतं की या नळात दोन पाणी एकमेकांत मिसळली आहेत. ते मर्यादेत असो वा नसो, कळलं असतं.

तीन महिन्यांनी पुढची फेरी आली. त्याच नळावर मी बोळा पेटवत होते. पंचावन्नच्या एक बाई, पदर खोचलेला, सरळ माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या सुशीलाबाई. नवरा आणि मुलगा दोघंही लूमवर.

"तुम्ही मराठी शेतस का?"

"हो. लिंबायतची."

"मंग तुम्हीच सांगा. हाई पानी खारं शे का नही?"

"खारं? वहीत तर मीठुं लिहिलंय."

"तेच ते! दुकानवर मीठ लेवाले गऊत तं मीठुंच सांगतस ना? मीच सांगं, तीन डाव!"

मी बोळा विझवला.

गुजरातीत मीठुं म्हणजे गोड, आणि मीठुं म्हणजे मीठसुद्धा. किराणा दुकानात सुशीलाबाई दर महिन्याला मिठासाठी तोच शब्द वापरत होत्या. ऑफिसात गुजरातीच बोलावं, आपलं गावंढळ कशाला, असं वाटून त्यांनी शब्द जुळवला : पाणी मीठुं लागे छे. मिठासारखं लागतंय. मनुभाईंनी ऐकलं ते शब्दशः लिहून घेतलं आणि अर्थ लावला : पाणी गोड लागतंय. या दोन भाषांत मी चाळीस वर्षं राहते आहे आणि तरीही वाचून हसले होते. सुशीलाबाई घरच्यासारखं 'खारं' म्हणाल्या असत्या, तर गुजराती माणसालाही कळलं असतं. त्यांच्यातही खाऱ्याला खारुंच म्हणतात.

मग त्यांनी मुद्द्याचं सांगितलं. "मनी सूनले आठवा महिना शे." सुनेचं नाव भारती. तिचा रक्तदाब चढला होता, पाय सुजले होते. डॉक्टरांनी मीठ बंद केलं. सुशीलाबाई तिची भाजी वेगळी, अळणी करत होत्या. तरी दाब उतरेना. दवाखान्यात डॉक्टर रागावले की घरात हिला कोणीतरी खारट खायला देतंय. घरात खायला देणारं दुसरं होतं कोण? सुशीलाबाईंनी लोणचं, पापड, मिठाचा डबा सगळं लोखंडी पेटीत घालून कुलूप लावलं. दाब तरीही तिथेच.

"चोरी चोरी खास ती," चोरून खाते, असं त्या म्हणाल्या. "माहेरनी सवय शे."

भारती दारात उभी होती. बावीस-तेवीसची असेल. पायांत नवऱ्याची चप्पल होती, तिची स्वतःची आता बसत नव्हती. चार वेळा शपथ घेऊन झालेल्या माणसाचा असतो तसा तिचा चेहरा होता.

"पाणी कधी जास्त खारं लागतं?" मी विचारलं.

"सकाळी, नळ उना का लगेच. तवाच भरी लेतस ना सगळं. तुम्ही येतस दुपारले."

हे खरं होतं. नळाला पाणी सहाला येतं आणि तपासणारा साडेदहाला. सव्वीस वर्षांत हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. त्यात आम्ही नमुना घेण्याआधी तीन मिनिटं नळ सोडून देतो, म्हणजे उरलंसुरलंही वाहून जातं.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला मी आणि जगदीशभाई त्या गल्लीत होतो. नळ फुसफुसला, पाणी आलं. मीटर बुडवला तर आकडा मर्यादा ओलांडून वर चढतच गेला. मी सवयीने ओंजळ लावली. गार. ओलं.

"खारं आहे?" मी सुशीलाबाईंना विचारलं.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "तुम्ही आत्ते पिन्यात ना?"

"यंत्र म्हणतंय आहे," मी म्हटलं आणि बाटली भरायला वाकले.

मनुभाईंनी लपवाछपवी केली नाही. सकाळी मोठ्या लाइनचा दाब कमी असतो, टोकाच्या गल्ल्यांना पाणी पोचत नाही आणि तिथल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन त्यांच्या दारात येतात. म्हणून ते जुनी बोअर पाऊणेक तास लाइनीत सोडत होते. सुशीलाबाईंची गल्ली बोअरला सगळ्यात जवळ, म्हणून तिला ते पाणी जसंच्या तसं मिळत होतं. "पाणी तो जोईए ने, बेन," ते म्हणाले. मीठुं शब्दाचा घोळ आणि भारतीची हकीकत सांगितली तेव्हा त्यांनी कपाळावर हात मारला. "खारुं कह्युं होत तो समजी जात ने!" मग हळूच विचारलं, "पेली छोकरी?" ती मुलगी कशी आहे?

त्याच सकाळी मी डॉक्टरांसाठी आकडे एका कागदावर लिहून सुशीलाबाईंच्या हातात दिले आणि प्यायचं, स्वयंपाकाचं पाणी नऊनंतरच भरायला सांगितलं. आठवड्याभरात बोअर लाइनीतून तोडली.

लॅबच्या प्रमुख मॅडमसमोर बसून मी सांगितलं की मागच्या अहवालातली चवीची ओळ चुकीची आहे. त्याआधीच्या कितीतरी अहवालांतलीही. मला चव येत नाही. राजीनामा पर्समध्ये होता.

मॅडम चांगल्या आहेत. त्यांनी पाणी मागवलं, मग माझ्याकडे बघून ग्लास बाजूला सरकवला. "ज्योतीबेन, इतकं मनाला लावून घेऊ नका. चव कोण बघतंय? ती ओळ आपण टाइप करूनच ठेवतो."

नोकरी राहिली. पण ते वाक्य अजून उतरत नाही. चार वर्षं मी खोटं लिहिलं ते कुणी वाचत नव्हतं, हे ठीक. त्याआधीची बावीस वर्षं खरं लिहिलं, तेही कुणी वाचत नव्हतं.

भारतीचा दाब पाण्यामुळेच वाढला असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. पाणी बदलल्यावर तो थोडा उतरला. तेवढ्याने तीन आठवडे मिळाले, असं डॉक्टर म्हणाले. मग ऑपरेशन करून मुलगी झाली. लहानशी होती, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवली. आता दोघी घरी आहेत.

पुढच्या फेरीला मी गेले तेव्हा सुशीलाबाई नातीला मांडीवर घेऊन ओट्यावर बसल्या होत्या आणि शेजारणीला सांगत होत्या, "मी तं पहिलेपासून सांगत व्हतू, पानीच खारं शे." सुनेला त्या काही बोलल्या असतील असं मला वाटत नाही. लोखंडी पेटीचं कुलूप तेवढं दिसलं नाही.

मी नळावर बाटल्या भरत होते. भारती येऊन शेजारी उकिडवी बसली.

"ताई, एक विचारू?"

"विचार ना."

"तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा मी समोरच्या खिडकीत होते. तुम्ही ओंजळभर प्यायलात आणि छान आहे म्हणालात."

"हो."

"मला तर खारट लागायचं. पण लॅबवाल्या ताई छान म्हणतात, तर मला वाटलं दिवस गेलेत म्हणून माझीच जीभ बिघडली असेल. मग मी घरात बोलायचं सोडलं. सासूबाई एकट्याच तक्रार करत राहिल्या, आणि मी म्हणायचे, नाही, चांगलं आहे."

बाटली भरून वाहत होती. मी नळ बंद केला.

"तुझी बिघडली नव्हती," मी म्हटलं. "माझी बिघडली होती. चार वर्षं झाली. मला पाण्याची चव लागतच नाही."

तिने अरेरे वगैरे केलं नाही. नळ पुन्हा सोडला, ओंजळ भरली, प्यायली. थांबली. परत प्यायली.

"गार आहे."

"ते मला कळतं."

"हं." तिने ओठ पुसले नाहीत. "मग आधी जरा औषधाचा वास येतो. तो लगेच जातो. मग… मडकं धुताना आत तोंड घातलं की येतं ना, तसं काहीतरी. खूप थोडं."

"गिळल्यावर?"

"गिळल्यावर जिभेच्या मागे राहतं. गोड आहे, पण साखरेचं नाही."

रस्त्यावरून जगदीशभाईंनी हॉर्न वाजवला. पेटीतला बर्फ वितळायला लागला होता आणि अजून दोन गावं राहिली होती.

"अजून सांग," मी म्हटलं.